आईची शत्रू

दर रविवारसारखी त्या रविवारीही शत्रू आमच्याकडे जेवायला होती. शत्रू म्हणजे आईच्या हाताखालची मुलगी, वयानं माझ्याएवढीच. पुढच्या पंचवीस वर्षांत देशावर काय काय कोसळू शकतं आणि त्याला तोंड कसं द्यायचं, याची आखणी आईचं कार्यालय करायचं. तिथली रीत अशी, की प्रत्येक आखणीला कुणीतरी एकानं शत्रू व्हायचं आणि ती मोडून दाखवायची. ही मुलगी त्यात इतकी पटाईत निघाली, की आई तिला नावानं हाक मारायचीच बंद झाली. कागदपत्रं कार्यालयात राहत. वाद मात्र घरी येई.

"मी सैन्य पाठवणारच नाही, मॅडम," ती तोंडातला घास सावरत म्हणाली. "समुद्राखालच्या केबल तोडीन, बँका बंद पाडीन, चार अफवा सोडीन. पुढचं तुमचीच माणसं करतील."

"लबाड कुठली! आणि आम्ही काय माशा मारत बसणार?" आईचे डोळे चमकले. माझ्या कुठल्याही निकालाला ते तसे चमकले नव्हते.

"लोकांचा एकमेकांवर विश्वास असेल, तर अफवा नाही चालायच्या," मी मध्येच म्हणाले.

"तू नीट जेव गं," आई म्हणाली आणि पुन्हा तिच्याकडे वळली. "हं, वीज कधी तोडतेस?"

माझा नुसता जळफळाट झाला.

सोमवारी सकाळी कार्यालयाच्या जिन्यात आई कोसळली. इस्पितळात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

भेटायला येणाऱ्यांची वर्दळ ओसरल्यावर शत्रू आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. त्याचाही मला राग आला. माझ्या डोळ्यांत अजून टिपूस नव्हतं.

"माझ्याबद्दल कधी बोलायची का गं ती?"

"नाही." मग घाईघाईनं म्हणाली, "एकदा मीच तुमचा विषय काढला होता, ताई. तर म्हणाल्या, जे सगळ्यात जपायचं, ते शत्रूसमोर काढायचं नसतं. मी हसले. मॅडम नाही हसल्या."

हे ऐकून मला बरं वाटेल, असं तिला वाटलं असावं. मला दिसत होतं ते जेवणाचं टेबल: पलीकडे त्या दोघी, तावातावानं बोलणाऱ्या, आणि अलीकडे मी, सुरक्षित.

"जपायला कुणी सांगितलं होतं तिला?" माझा आवाज मलाच मोठा वाटला. "मला तुझा हेवा वाटायचा. दर रविवारी. मला भांडायचं होतं गं तिच्याशी."