रविवारी रचलेली गंजी

"निघाला! गरम निघाला!"

रविवार होता, सकाळचे साडेसहा वाजले होते. शालनवहिनींच्या खळ्यावर शे-दीडशे माणसं जमली होती आणि सगळ्यांच्या नजरा एका नारळावर होत्या. आदल्या संध्याकाळी पेंढ्याच्या गंजीत खुपसलेला तो नारळ धुनीनाथबाबांनी बाहेर काढला आणि पुढच्या म्हातारीच्या हातावर ठेवला. म्हातारी "आई गं!" म्हणून ओरडली आणि तिने तो पदरात झेलला. नारळ चटका देत होता. गंजीच्या शेंड्यातून पांढरी वाफ वर जात होती. मीही पाहिली, खोटं कशाला सांगू?

"वाफ म्हणता हिला?" बाबा गरजले. अंगावर भगवं, डोक्यावर जटा, हातात त्रिशूळ आणि खळ्याच्या कडेला काढून ठेवलेले जाडजूड लष्करी बूट. "अज्ञान्याला वाफ दिसते, ज्ञान्याला श्वास दिसतो! ज्योतीरामाचा जीव घोटाळला. कशात घोटाळला? पेंढ्यात घोटाळला! का घोटाळला? पेंढ्यावरनंच पडला म्हणून! बोला, अलख!"

"अलख!" ताथवड्यातली दीडशे तोंडं एकदम म्हणाली. आमच्या गावाला गटार साफ करायला बोलवा, चार माणसं जमत नाहीत.

तो ज्योतीराम म्हणजे माझा थोरला भाऊ. मी मालोजी. त्या काळात पिंपरीकडे नवे कारखाने उभे राहत होते, त्यातल्या एकात मी फिटर होतो. दादा जाऊन वर्ष होत आलं होतं आणि त्या वर्षभरात मला काही म्हणजे काही वाटलं नव्हतं. रडू आलं नाही, राग आला नाही. वहिनी वाढत होत्या, मी जेवत होतो. आमटीत मीठ आहे का, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. आता माझा भाऊ पेंढ्यातून श्वास घेतोय म्हणे, तेही मी असंच ऐकलं, दुसऱ्याच्या घरची गोष्ट ऐकावी तसं.

दादा गेला तो गंजी रचताना. भात झोडून झालं की पेंढा रचून ठेवायचा, त्यावर गुरांचं वर्ष निघतं. खालच्याने पेंढी फेकायची, वरच्याने झेलून गोल रचत जायचं. मी खाली होतो, दादा वर. दोन पुरुष उंचीवर शेंडा आवळताना त्याचा पाय सटकला आणि तो खाली उभ्या बैलगाडीवर मानेवर पडला. पडताना ओरडलासुद्धा नाही.

मग मी यंत्र करायला घेतलं. करण्यासारखं दुसरं काही सुचत नव्हतं. कल्पना आमच्या विहिरीवरच्या रहाटाची. रहाटाच्या माळेला बांधलेली गाडगी पाणी वर आणतात, मी साखळीला लोखंडी दाते लावले, ते पेंढ्या वर नेतात. चौदा हात लांब लाकडी उतरण, दोन्ही कडांना साखळी, खाली दोघांनी फिरवायचा दांडा. पुढच्या पायांना ओळीने भोकं पाडली. गंजी चढेल तशी खुंटी वरच्या भोकात घालायची, की यंत्राचं तोंड उंच होतं. रचणारा माणूस यंत्रालाच जोडलेल्या फळीवर, कठड्याच्या आत उभा. पेंढ्यावर पाय ठेवायचाच नाही. मधोमध बिजागरी ठेवली, म्हणजे दुमडून टांग्याच्या जुन्या चाकांवर टाकलं की एक बैलजोडी त्याला कुठल्याही खळ्यावर नेईल. लोखंडकाम चिंचवडच्या करीम मिस्त्रीने केलं. तीनदा साखळी तुटली, चौथ्यांदा टिकली.

कार्तिकाच्या सुरुवातीला अवकाळी पाऊस झाला. पुढच्या रविवारी मी दादाच्या शेतातला सगळा पेंढा एका दिवसात रचून मोकळा झालो. पूर्वी याच कामाला आठ-दहा दिवस लागायचे. गाव बघायला आलं होतं. मारुतराव सरपंच म्हणाले, "फिटर, तू गावाचं नाव काढलंस." मी मान हलवली. आठवड्याभरात गंजीतून वाफ निघायला लागली आणि तिच्या मागोमाग धुनीनाथ आला. कुठून आला कुणी विचारलं नाही. बाबाला पत्ता विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

त्याचा नेम ठरलेला. संध्याकाळी बायकांनी नदीवरून सात हंडे पाणी आणायचं आणि त्याचा गंजीवर अभिषेक करायचा. मग नारळ आत, आणि नारळाशेजारी त्रिशूळ आत. सकाळी आधी बाबा त्रिशूळ उपसून त्याच्या दांड्यावर हात फिरवायचा, डोळे मिटायचा, आणि मगच नारळाला हात घालायचा. चिमूटभर पेंढा दम्यावर, चिमूटभर सांधेदुखीवर. आमच्या चुलत्यांना तर त्याने मूळव्याधीवरही दिला. कसा घ्यायचा ते मी विचारलं नाही.

इथवर मी गप्पच राहिलो असतो. पण त्या सकाळी नारळ फिरवून झाल्यावर बाबाने जाहीर केलं, "अमावास्येला भुयार करू! ज्योतीरामाची अस्तुरी आत बसंल, बाहेरनं पेंढ्यानं तोंड बंद करू. घटकाभर नवराबायकोची भेट! मग ह्या जागी मठ, बोला अलख!"

अमावास्या पुढच्या रविवारी होती. मी घरी जाऊन वहिनींसमोर बसलो.

"वहिनी, आत हवा नाही. गुदमरून मराल."

"बाबा म्हणत्यात काय हुत न्हाई."

"बाबा स्वतः बसणारेत का?"

त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. "भाऊजी, त्या दिवशी सकाळी मी त्यांना लई बोलले हुते. ताट तसंच ठेवून खळ्यावर गेले. उपाशी गेले हो. मला एवढंच इचारायचंय, राग धरून गेलात का. दुसरं काय न्हाई."

माझ्या आत कुठेतरी काहीतरी हलायला हवं होतं, ते हललं नाही. मी उठलो आणि खळ्यावर जाऊन यंत्राच्या साखळीला वंगण लावत बसलो.

दुपारी करीम आला. साखळीचा एक दुवा बदलायचा होता. त्याने गंजीकडे पाहिलं, तिच्या कडेला हार घालून टेकवलेला त्रिशूळ पाहिला आणि हसू दाबत म्हणाला, "मालोजीभाऊ, ह्याचा दांडा बघितला का? वरची तीन टोकं मागाहून डाग देऊन बसवलीत. हा त्रिशूळ नाय, वैरणीचा गज हाय."

"म्हणजे?"

"माझे अब्बा लष्कराच्या पागेत घोड्यांना नाल मारायचे. तिथल्या गंज्यांत असे गज खुपसून ठेवायचे. सकाळी उपसून हात लावायचा. चटका बसला तर गंजी लगेच फोडायची. ओला माल दाबून रचला की आतनं कुजतो, तापतो. कधी कधी पेटतो पण."

"आपोआप?"

"तर! काडी कोण लावतंय? उकिरडा थंडीत वाफाळतो ते बघितलं न्हाई का कधी?"

मी यंत्राकडे पाहिलं. आठ-दहा दिवस का लागायचे पूर्वी? कारण पेंढा बांधावर पसरायचा आणि वाळेल तेवढाच आणून रचायचा. माणसाचा हातच सावकाश, त्यामुळे उन्हाला वेळ मिळायचा. माझ्या यंत्राला थांबायचं ठाऊक नव्हतं, आणि मला कारखान्याची सुट्टी फक्त रविवारची. पाऊस पडून चारच दिवस झाले होते. पेंढी हाताला गार लागली होती, मला चांगलं आठवतंय. पण सोमवारी सकाळची पाळी होती, म्हणून मी दांडा फिरवत राहिलो. बाबाचा चमत्कार मीच करून ठेवला होता. तो फक्त रोज सात हंडे पाणी घालून तो टिकवत होता.

"चल, गावाला सांगून टाकू," करीम म्हणाला.

"ऐकतील? वाफ ते डोळ्यांनी बघतायत. आपणही डोळ्यांनीच दाखवू."

आमच्या शेजारच्या बांधावर उद्धवरावांची जमीन. म्हातारा खवट, पण कुणाच्या बापाला न भिणारा. मी त्यांच्याकडे गेलो. "काका, चार गाड्या पेंढा द्या. निम्मा भिजवून खराब करणार आहे."

"खराबच करायचा तर मागतोस कशाला? चोरायचास की," म्हणाले, आणि गाडी जुंपायला उठले.

संध्याकाळपर्यंत यंत्राने त्यांच्या रानात दोन गंज्या उभ्या केल्या. एक खडखडीत वाळल्या पेंढ्याची. दुसरीत पाणी मारलेला पेंढा आणि बांधावरचं हिरवं गवत, दाबून भरलेलं. गुरुवारी पहाटे दुसरीतून वाफ निघाली. आणि शुक्रवारी बघतो तर काय, तिच्यापुढे कुणीतरी हळदकुंकू वाहून उदबत्ती लावून गेलं होतं! उद्धवराव कपाळावर हात मारून म्हणाले, "मालोजी, ह्यात कोण मेलंय म्हणं?"

अमावास्येचा रविवार उजाडला तेव्हा खळ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. बाबाने गंजीच्या बुडाशी माणूस जाईल एवढं भोक पाडलं होतं. आतून तंबाखूसारखा उग्र दर्प येत होता. वहिनी धुतलेलं लुगडं नेसून पाटावर बसल्या होत्या. त्रिशूळ अजून गंजीतच होता.

मी पुढे झालो. "बाबा, एक शंका आहे. माझा भाऊ ह्या गंजीत आहे?"

"हाय!"

"दुसरीकडे कुठे नाही?"

"एका कुडीचा जीव, एकाच ठायी!"

"काका, आणा."

उद्धवरावांनी गर्दीतून वाट काढली. त्यांच्या दोन्ही हातांत एकेक नारळ. डावा त्यांनी मारुतरावांच्या हातावर ठेवला. "ह्यो वाळल्या गंजीतला." गार होता. मग उजवा. मारुतराव "हायला!" म्हणून उडालेच, नारळ जमिनीवर. "ह्यो ओल्यातला. काल सांजच्याला सरपंचासमोरच दोन्ही आत ठेवले. रचताना मंत्र म्हणला न्हाई. पाणी मारलं नुसतं."

गर्दीत कुजबुज झाली. बाबाने आवाज चढवला. "आत्मा हिंडतो! तिथं गेला असंल!"

"मग इथली वाफ कुणाची?" मी म्हणालो. "जिवंतपणी दादा एका वेळी एकाच खळ्यावर असायचा. मेल्यावर दोन गंज्या सांभाळतो काय?"

कुणीतरी हसलं. एक हसलं की दुसऱ्याला धीर येतो. मी गंजीतला त्रिशूळ दोन्ही हातांनी धरून उपसला आणि तसाच धरून सांगितलं. "हा पागेतला गज आहे. गंजी किती तापली ते बघायला वापरतात. बाबा रोज सकाळी हात फिरवायचे ते ध्यान नव्हे, माप होतं. ऊब कमी पडली असती तर नारळ बाहेर आलाच नसता. ओला पेंढा दाबला की आत कुजतो आणि तापतो, उकिरड्यासारखा. आणि तो ओला मी रचला. पाऊस पडून गेला होता, मला सुट्टी एकच दिवस होती, म्हणून न वाळवता रचला. यात दादा नाही. यात माझी घाई आहे. कुणाच्या शब्दावर जाऊ नका, माझ्याही नको. घरी ओल्या पेंढ्याचा ढीग दाबून करून बघा."

"भाऊजी, हात!" वहिनी पाटावरून उठून धावत आल्या. त्यांनी माझ्या हातांतला गज हिसकून खाली टाकला. माझ्या दोन्ही तळव्यांना फोड येत होते. मला कळलंच नव्हतं.

तेवढ्यात करीमने भुयारातून एक मूठ पेंढा ओढून काढला. काळाठिक्कर, करपलेल्या भाकरीसारखा, आणि हवा लागताच त्यातून धूर निघाला. वाफ नव्हे, धूर. त्यापुढे कुणाला काही सांगावं लागलं नाही. ज्या बायका अभिषेकाचे हंडे घेऊन आल्या होत्या त्यांनीच ते रिकामे केले, माणसांनी आकडे लावून गंजी फोडली. निम्मा पेंढा गेला, निम्मा वाचला. धांदलीत बाबा कधी सटकला कुणी पाहिलं नाही. बूट मात्र राहिले. आत पागेचा शिक्का होता.

दुपारी खळं रिकामं झालं. वहिनी माझ्या तळव्यांना कोरफड लावत होत्या. खाली मान घालून म्हणाल्या, "म्हंजी आता इचारायला बी कुणी उरलं न्हाई."

आणि मला एकदम आठवलं. आठवलं म्हणजे काय, ते वर्षभर माझ्याजवळच होतं. खाली उभा मीच तर होतो. मला कुणी विचारलं नाही आणि मी कुणाला सांगितलं नाही.

"वहिनी, शेवटचा दोर टाकताना दादा वरून ओरडला होता. म्हणाला, 'आटप लवकर, शालन जेवायची थांबली असंल.'"

त्यांचा हात थांबला.

"थांबले हुते," त्या म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. तेव्हा माझे तळवे दुखायला लागले, असे दुखायला लागले की मीही बसल्या जागी पोरासारखा रडलो.

ते यंत्र पुढे पंचक्रोशीतल्या खळ्यांवर फिरलं. त्याच्या बाजूला मी एक गज टांगून ठेवला आहे, हार न घातलेला. नेणाऱ्याला मी दोनच गोष्टी सांगतो, तुम्हालाही सांगतो. पेंढा वाळल्याशिवाय रचू नका, मग सुट्टी असो की नसो. आणि गेलेल्या माणसाबद्दल काही विचारायचं असेल तर बाबाकडे जाऊ नका, त्याच्याबरोबर जो होता त्याला विचारा.