आमची सुट्टी तीस तारखेला

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की गावातली सगळी सिंकं एकदम तुंबतात. घरोघरी पाहुणे येतात, भांडी वाढतात, उरलेलं तेल लोक बिनदिक्कत मोरीत ओततात आणि मग त्यांना माझी आठवण होते. मी प्लंबर. वर्षभर जो शेजारी मला ओळख दाखवत नाही, तो या आठवड्यात ‘काका, काका’ करत दारात उभा असतो.

बायको नर्स. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणते आणि नवरा असून मीही तेच म्हणतो. यावर ज्यांना हसायचं होतं त्यांनी केव्हाच हसून घेतलं आहे. पंचवीस तारखेची ड्यूटी ती दर वर्षी मागून घेते. ज्यांची पोरं लहान आहेत त्यांनी घरी राहावं, असं तिचं म्हणणं. आमचे चिरंजीव एका हॉटेलात आचारी. अख्ख्या गावाला जेवू घालणारा माणूस त्या दिवशी स्वतःच्या घरी कसा जेवणार? म्हणून आमच्याकडे वर्षानुवर्षं एकच नियम: तिघांची सुट्टी जुळेल तो आमचा सुट्टीचा दिवस. यंदा तो तीस तारखेला जुळला होता. रस्त्यावरचे दिवे तोवर असतातच, शिवाय केक निम्म्या किमतीत मिळतो. यात कोणाचं काही बिघडतं, असं मला कधी वाटलं नाही.

यंदा घरात सून आली. ती दुसऱ्या गावी शाळेत शिकवते, सुट्टी लागली की इकडे येते. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिची आई गेली. त्या घरात या दोघीच होत्या. चिरंजीवांनी मला बजावलं होतं, “बाबा, आईशिवाय तिचा हा पहिलाच डिसेंबर. तिला एकटं वाटू देऊ नका हं.”

मी म्हटलं, “तू निर्धास्त राहा.”

त्याने तिला सांगितलं, सुट्टीच्या दिवशी आईबाबांकडे जेवण. कुठली तारीख, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही नाही. आमच्या घरात ती कोणी कोणाला कधी सांगितलेलीच नव्हती. माशाला कोणी पाणी दाखवतं का?

पंचवीसला दुपारी मी आमच्याच सिंकखाली उताणा पडलो होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या स्वयंपाकघरात महिनाभर होता. अंगात बनियन, छातीवर पान्हा, शेजारी काळ्या पाण्याची बादली. भांडी सगळी सोफ्यावर मांडलेली. बेल वाजली. मी आतूनच ओरडलो, “आज काम घेत नाही!”

पुन्हा बेल वाजली. कपाळावर आठ्या घेऊन मी दार उघडलं, तर समोर सूनबाई. नवा हिरवा ड्रेस, केसांना क्लिप, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात केकचा खोका. तिने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं, सोफ्यावरच्या कढया पाहिल्या.

“बाकीचे यायचेत का अजून?” तिने विचारलं.

“येतील की! जरा उशीर... तू बस ना.” बसायला जागा कुठे होती? मी एक पातेलं उचललं, ते कुठे ठेवावं कळेना, म्हणून हातातच धरून उभा राहिलो.

ती मास्तरीण. थापा मारणारी पोरं रोज बघते. “बाबा,” ती हळूच म्हणाली, “जेवण आज नाहीये ना?”

“तीसला आहे,” मी म्हणालो.

ती कढयांच्या मधे बसली, खोका मांडीवर घेऊन. रडली नाही, पण नाकाचा शेंडा लाल झाला. “दार उघडेना तेव्हा मला वाटलं, तुम्ही सगळे मला न सांगता कुठेतरी गेलात.”

मला इतकं लाजल्यासारखं झालं! मी तिला सगळं सांगितलं: सिस्टरची ड्यूटी, चिरंजीवांचं हॉटेल, आमचा उफराटा नियम. मग म्हणालो, “आपण आजच करू या. मी आत्ता बाजारात जातो, त्याला फोन करतो, कसंही करून...”

“बाजार बंद आहे आज,” ती म्हणाली. “आणि नका बदलू, बाबा. पाहुणे आले की बेत बदलतात. मी काय पाहुणी आहे?”

मी तिला सिस्टरचा जुना गाऊन काढून दिला. तो घालून तिने बाह्या सरसावल्या, मी पाइप बसवला, तिने भांडी घासून जागेवर लावली. त्यातली निम्मी चुकीच्या जागी. जेवायला आम्ही अंडी तळली आणि पावाबरोबर खाल्ली. खाता खाता ती आईबद्दल बोलली. आई केकवरचं क्रीम आधी खाऊन टाकायची आणि कोरडा केक लेकीला द्यायची, त्यावरून दर वर्षी भांडण व्हायचं. सांगताना ती हसली आणि मग बराच वेळ रडली. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. तेवढंच मला जमतं.

संध्याकाळी फोन आला. पलीकडच्या गल्लीत कोणाचा तरी नळ हातात आला होता. मी घुटमळलो.

“जा तुम्ही,” ती म्हणाली. “घरात मी आहे.”

काम उरकून परतलो तेव्हा जिन्यात माझ्या पुढे सिस्टर चढत होती. दिवसभर उभं राहून पाय सुजले की ती कठडा धरून चढते, तशीच. दारापाशी ती पर्समध्ये किल्ली शोधू लागली. तेवढ्यात दार आतून उघडलं.

“आलात आई? किती दमलात! पाणी तापवून ठेवलंय, आधी पाय बुडवून बसा.”

सिस्टर उंबऱ्याबाहेरच थांबली. मग तिथेच पायरीवर बसली आणि पदर नसलेल्या युनिफॉर्मच्या बाहीने डोळे पुसू लागली. लोकांच्या दुःखात खंबीर उभी राहणारी ही बाई रडत होती.

“काय झालं? वॉर्डात कोणी गेलं का?” मी विचारलं.

“नाही हो,” ती म्हणाली. “इतक्या वर्षांत आजच्या दिवशी मला कोणी दार उघडलं नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांची माणसं भेटायला आलेली बघायची आणि तुम्ही कामावर म्हणून घरी येऊन आपणच कुलूप काढून आपणच दिवा लावायचा.”

“मग कधी बोलली का नाहीस?”

“काय बोलणार? ड्यूटी मीच मागून घेत होते ना.”

सूनबाई गाऊन सावरत बाहेर आली आणि पायरीवर सिस्टरला चिकटून बसली. दोघींनी मिळून वाट अडवली होती, म्हणून मी खालच्या पायरीवर टेकलो.

“आई,” ती म्हणाली, “तीसला तर आपलं जेवण आहेच. पण पंचवीसला मी दर वर्षी येत जाईन. तुम्ही ड्यूटी खुशाल घ्या.”