अकरा ओळींवरचं नाव

कागद दोनच होते आणि त्यांवर बुधाजीचं नाव अकरा वेळा आलं होतं. प्राप्तीनं ते मोजलं, पुन्हा मोजलं, आणि कागद टेबलावर असे आपटले की शेजारच्या कपातला चहा हिंदकळून बाहेर आला.

‘अकरा चाळीस. बुधाजी : दार उघडायला घेतलं. अकरा बेचाळीस. बुधाजी : दार पूर्ण उघडलं.’ इंग्रजी अक्षरांत, एकाखाली एक, भाताच्या रोपांसारख्या सरळ रांगेत ओळी लावलेल्या. भादव्याच्या अमावास्येला, भरदुपारी, ऐन उधाणाच्या वेळी, चिकणीखारीच्या बांधाचं दार उघडलं आणि खाडीचं खारं पाणी पोटरीला आलेल्या भातात घुसलं. सगळा गाव विचारत होता, कुणी उघडलं? आणि यंत्राची नोंद सांगत होती, बुधाजीनं.

बुधाजी प्राप्तीचा सख्खा मामा. चिकणीखारीचा उघाडीवाला. खाडीच्या बांधात जे दार असतं त्याला तिकडे उघाडी म्हणतात. ओहोटीला ते उघडायचं, म्हणजे शेतातलं पावसाचं पाणी बाहेर जातं. भरती लागली की लावायचं, म्हणजे समुद्र समुद्राच्या जागी राहतो. बुधाजीच्या आधी त्याचा बाप हेच करत होता. तिथीवरून भरतीची वेळ तोंडानं सांगणारी माणसं ही. घड्याळ त्यांनी हाताला बांधलं ते लग्नात मिळालं म्हणून.

आणि दार लावलं की हाक द्यायची. ही त्या खारीची, म्हणजे बांधाआडच्या त्या शेतांची, रीतच होती. बांधावर उभं राहून, तोंडाला हातांचा कर्णा करून ओरडायचं, “दार लावलं रेऽऽ! बुधाजीनं लावलं!” मग शेतात जो कुणी असेल त्यानं उलट ओरडायचं, “ऐकलंऽऽ!” ते ‘ऐकलं’ कानावर आल्याशिवाय उघाडीवाला बांधावरून हलत नसे. एक नेम मात्र कडक. ज्याच्या हातानं दार लागलं त्यानंच हाक द्यायची, स्वतःचं नाव घेऊन. बुधाजीचा बाप तापानं फणफणला होता तेव्हा बारा वर्षांच्या बुधाजीनं दार लावलं आणि बारीक, कापऱ्या आवाजात स्वतःचंच नाव ओरडला होता. बापाचं नाव घ्यायची त्याची छाती झाली नव्हती.

ही हाक बंद कुणी केली? प्राप्तीनं.

तीन वर्षांपूर्वी बेलापूरच्या कंपनीनं उघाडीला मोटर बसवली, पाण्याची पातळी मोजणारी नळी बसवली, आणि पत्र्याच्या पेटीत एक छोटा संगणक ठेवला. त्या संगणकातला सी भाषेतला प्रोग्राम प्राप्तीनं लिहिलेला. तिची पहिली नोकरी, पहिलं काम, आणि तेही मामाच्या बांधावर! ती नाचत आली होती. “मामा, आता वरडायचं न्हाय हं,” ती म्हणाली होती. “तू आलास की निस्तं कार्ड लावायचं. कदी उघरलं, कदी लावलं, समदं यंत्र लिवून ठेवतं.”

“माज्या नावानं?” बुधाजीनं विचारलं होतं.

“तुजं कार्ड, तुजं नाव.”

तो हसला होता. भाची शिकलेली. त्याच्या घशाला तेवढीच विश्रांती.

आता त्याच नोंदीचे कागद समोर घेऊन प्राप्तीनं आपला जुना प्रोग्राम उघडला आणि वरून खाली वाचत निघाली. मामा दार उघडील हे तिला मान्यच नव्हतं. पाण्याच्या नळीच्या तोंडाशी शिंपल्यांचे थर चढले होते, हे तिनं फोटोत पाहिलं होतं. नळी बुजली, बाहेरचं पाणी कमी दिसलं, यंत्राला वाटलं ओहोटी आहे आणि त्यानं दार उघडलं. इथवर सरळ होतं. पण मग नाव मामाचं का?

अठ्ठेचाळिसाव्या ओळीवर ती थांबली.

सी प्रोग्रामला संगणकाच्या सामायिक नोंदीत काही लिहायचं असलं तर सुरुवातीला एकदा सांगावं लागतं, माझं नाव अमुक. त्यासाठी ओपनलॉग. मग सिसलॉगकडे निरोप देत राहायचं, तो त्या नावाखाली लिहीत राहतो. पण ओपनलॉग नाव उतरवून घेत नाही. ते नाव कुठं ठेवलंय ती जागा तेवढी लक्षात ठेवतो. म्हणजे पाटी कुठल्या खिळ्याला आहे ते त्याला ठाऊक. पाटीवर काय आहे ते तो प्रत्येक वेळी नव्यानं वाचतो. प्राप्तीनं त्या पाटीवर आधी ‘उघाडी’ लिहिलं होतं, यंत्राचं नाव म्हणून. आणि पुढे, जागा वाचवायच्या शहाणपणात, कार्ड लावणाऱ्याचं नावही त्याच पाटीवर लिहिलं होतं. बुधाजीनं सकाळी कार्ड लावलं की ‘उघाडी’ पुसलं जायचं. मग दिवसभर यंत्र जे जे करील ते बुधाजीच्या नावानं लिहिलं जायचं.

तीन वर्षं. रोज. आणि तीन वर्षं सगळं सुरळीत होतं म्हणून कुणी वाचलं नव्हतं.

ती तडक निकेतच्या केबिनमध्ये गेली. निकेत कामाचा प्रमुख. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

“बरोबर आहे तुझं,” तो म्हणाला. “बग आहे. तुला कळलं, मला कळलं, आजच दुरुस्त कर. चौकशीत कशाला सांगायचं?”

“त्यात एका माणसाचं नाव जातंय, सर.”

“अगं, कंत्राटी गडी आहे तो. काढतील, दुसरीकडे लागेल. आपल्याला अजून सात उघाड्यांचं काम मिळायचंय. नोंदच खोटी म्हटलं तर सगळंच बसलं ना यार.”

“तो माझा मामा आहे.”

निकेत खुर्चीत मागे रेलला. “मग तर तू बोलूच नकोस. भाची म्हणून बोलते म्हणतील. आणि बोललीस तर एक लक्षात ठेव. त्या प्रोग्रामच्या फाइलच्या माथ्यावर माझं नाव नाही. तुझं आहे.”

प्राप्ती बाहेर आली. राग आला की तिला रडू यायचं आणि रडू आलं की आणखी राग यायचा. त्या दिवशी रडू आलं नाही. नुसता राग राहिला, कोरडा, मिठासारखा.

*

चौकशी पौर्णिमेच्या दिवशी ठेवली, बांधावरच, उघाडीपाशी. पौर्णिमा म्हणजे पुन्हा उधाण, दुपारी बाराच्या सुमाराला पाणी चढणार. प्राप्ती सकाळीच मामाच्या घरी गेली.

गोदूमामी अंगणात भांडी घासत होती. “ये” म्हणाली नाही, पाण्याचा तांब्या पुढे केला नाही. राखेनं पातेलं घासता घासता, कुणालाच नाही अशा आवाजात म्हणत राहिली,

“खाऱ्या पाण्या, आलास तू रं कुनाचं नाव घेऊन,
माज्या घरधन्याचं नाव गेलास चिखलात ठेवून.”

मग मान वर न करता म्हणाली, “पंदरा दीस जालं. हिरीवर बाया मना पाहून घागर उचलतात न् चालू लागतात. तुजं यंत्र बरं हाय ना?”

बुधाजी ओटीवर बसला होता. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं. त्या दिवशी दार वर सरकताना दिसलं तसा तो धावला होता, पण हातानं फिरवायच्या चाकाला कंपनीचं कुलूप आणि चावी बेलापुरात. त्यानं जुन्या दाराची फळी आडवी घातली, ती मोडली आणि हात सोलपटला.

“मामा, चूक माझी आहे. यंत्रानं दार उघडलं, नाव तुझं लिहिलं. मी आज सांगणार आहे.”

त्यानं हातावरचं फडकं सारखं केलं. मग म्हणाला, “तू बोल्लीस, वरडू नको. न्हाय वरडलू. तीन वर्सं घसा गंजला. त्या दिशी तोंड उघरलं तं आवाजच न्हाय आला. आवाज आला असता तं शेतातला मानूस धावला असता. समजलं तुना?”

तिला समजलं. त्याहून वाईट तिला कुणी काही बोललं नव्हतं.

*

अकराच्या आधी बांधावर तीसचाळीस माणसं जमली. शेतं पलीकडे दिसत होती, लोंब्या धरायच्या दिवसांत पिवळी पडून झोपलेली, खालच्या अंगाला पांढरी खारटण. सरकारकडून चौकशीला आलेल्या मृणालीबाई खुर्चीत बसल्या होत्या. निकेत इस्त्रीच्या शर्टात. तेच दोन कागद त्यानं त्यांच्यापुढच्या स्टुलावर ठेवले.

“नोंद आहे मॅडम. वेळेसकट. माणूस विसरेल, यंत्र विसरत नाही.”

“पिऊन लोळत व्हता!” चंदर ओरडला. त्याचं सगळंच शेत पाण्याखाली गेलं होतं. “दार उघरून झोपला न् आता हात बांधून नाटकं करतोय!”

“चंदर,” बुधाजी म्हणाला, “तुज्या बापासमोर दार लावलंय मी. मना काय याड लागलंय?”

“मंग कागद काय खोटं बोलतंय?”

“हो,” प्राप्ती पुढे झाली. “कागद खोटं बोलतो. मी दाखवते.”

निकेत मध्ये पडला. “मॅडम, ही आमची ज्युनिअर आहे. आणि त्याची भाची.”

“भाची आहे म्हणूनच म्हणते, माझ्या तोंडावर विश्वास ठेवू नका,” प्राप्ती मृणालीबाईंना म्हणाली. “या लॅपटॉपच्या पडद्यावर ठेवा. सर, तुमचं कार्ड आहे ना? लावा पेटीला.”

“कशासाठी?”

“लावा ना साहेब,” चंदरनं दरडावलं. “कार्ड लावायला काय भ्याचं?”

तीसचाळीस जणांसमोर नाही म्हणायचं कसं? निकेतनं कार्ड लावलं. पेटी टुंकन वाजली.

“आता त्या भेंडीच्या झाडाखाली जाऊन उभे राहा. हात खिशात घाला. तुमच्यासोबत चंदरदादा राहतील.”

निकेत गेला. हात खिशात. प्राप्तीनं लॅपटॉप मृणालीबाईंच्या मांडीवर ठेवला. बाहेर खाडी फुगत होती, पाणी दगडावरच्या खुणेकडे बोट बोट चढत होतं. त्या साफ केलेल्या नळीला आज ते नीट दिसत होतं. खुणेला पाणी लागलं. मोटर घरघरली. कुणाचा हात लागला नाही, आणि दार आपलं आपण खाली उतरलं.

पडद्यावर ओळ उमटली. मृणालीबाई वाकल्या. मग त्यांनी चष्मा सारखा केला आणि मोठ्यानं वाचलं, “अकरा सव्वीस. निकेत : दार बंद केलं.”

मागून कुणीतरी खिदळलं.

“अरं साहेब!” चंदर निकेतकडे बघत राहिला. “खिशात हात न् तिकडं दार लावलंत? बेलापुरात हेच शिकवतात का?” तो हसत नव्हता. त्याचा आवाज मध्येच फाटला. “पंदरा दीस मी या म्हाताऱ्याच्या दारासमोर थुकतोय.”

“किरकोळ बग आहे तो!” निकेत झाडाखालून ओरडला. “नावाचा फक्त घोळ आहे!”

“म्हणजे तुम्हाला माहीत होता,” मृणालीबाई म्हणाल्या.

त्यांनी पेन उघडलं, दोन्ही कागद पुढे ओढले आणि बुधाजीच्या नावावर रेघ मारायला लागल्या, एकेका ओळीवर, अकरा वेळा. मग मान वर केली. “हा प्रोग्राम कुणी लिहिला?”

निकेत काही बोलायच्या आत प्राप्ती बांधाच्या उंचवट्यावर चढली. खाली एका बाजूला भरलेली खाडी, दुसऱ्या बाजूला मेलेलं भात. तिनं तोंडाला हात लावले. लहानपणी मामानं शिकवलं होतं तसं, अंगठे गालांवर घट्ट.

“दार लावलं रेऽऽ! यंत्रानं लावलं! अवसेला दार उघरलं, यंत्रानं उघरलं! नाव खोटं लिवलं रेऽऽ! प्राप्तीनं लिवलं!”

हाक शेतावरून गेली. कुणी उत्तर दिलं नाही. ती उभीच राहिली, कारण उत्तर येईपर्यंत हलायचं नसतं. बायका पदर तोंडाशी धरून होत्या. गोदूमामी जमिनीकडे बघत होती. प्राप्तीनं पुन्हा श्वास घेतला, पुन्हा तेच ओरडली, आणि या वेळी शेवटी तिचं नाव घशात चिरलं.

भेंडीच्या झाडाखालून चंदरचा आवाज आला. घोगरा, चिडलेला, आपल्या बुडालेल्या शेताकडे तोंड करून.

“ऐकलंऽऽ!”

बुधाजी तोवर उठला होता. तो प्राप्तीपाशी आला नाही. सरळ निकेतपाशी गेला आणि फडकं गुंडाळलेला हात पुढे केला.

“चावी.”

“ती ऑफिसची आहे, मी अशी—”

“चावी दे रं,” गोदू म्हणाली. पंधरा दिवसांत प्रथमच तिचा आवाज बांधभर ऐकू गेला.

निकेतनं जुडग्यातून चावी काढली. बुधाजीनं चाकाचं कुलूप उघडलं, खाडीत टाकावं की काय असं त्याकडे पाहिलं आणि कमरेला खोचलं. चाक अर्धा फेरा फिरवून पाहिलं. दार घट्ट बसलेलं होतं. मग तो बांधावर उभा राहिला. तोंड उघडलं तर पहिल्यांदा नुसती हवाच आली. तो खाकरला, थुंकला, पुन्हा उभा राहिला.

“दार पाह्यलं रेऽऽ! बुधाजीनं पाह्यलं!”

“ऐकलंऽऽ!” बांध ओरडला. प्राप्तीही ओरडली. बुधाजीनं तिच्याकडे वळून पाहिलं नाही. पण तो हललाही नाही, सगळ्यांची उत्तरं येऊन पोचेपर्यंत तिथंच उभा राहिला, आणि त्यात तिचंही होतं.