नाव घ्यायची जागा

"फादर" म्हणू नका मला. किती वेळा सांगितलं या पोरांना! आमच्या लातूरच्या गल्लीत आता खाली मेस, वर होस्टेल, समोर फिजिक्सचा क्लास आणि त्याच्या डोक्यावर केमिस्ट्रीचा. हदगावची, अहमदपूरची, कुठकुठली पोरं डॉक्टर व्हायला येऊन पडलेली. संध्याकाळी चर्चच्या पायरीवर वडापाव खात बसतात आणि मला बघितलं की सुरू, "फादर, भूकंपात तुम्ही होतात का हो? लई माणसं मेली म्हणे?" मॅचचा स्कोअर विचारावा तसं. अरे बाबांनो, फादर कॅथलिकांचे. आम्ही लुथरन. आमच्यात पाद्र्याला बायको असते, आणि माझी तर चांगली खमकी आहे. पण परवा त्यातल्या एकानं वडापाव खाली ठेवून विचारलं, "तुम्ही त्याआधी कधी मेलेलं माणूस बघितलं होतं का?" तेव्हा मी त्याला क्लासला पिटाळलं. म्हणून आता सांगतो.

नव्हतं बघितलं.

मी बिलोलीचा. आई तेलुगू, त्यामुळं नाव पडलं देवदानम. स्वभाव मात्र वडिलांचा, राग नाकावर. तेव्हा मी मद्रासकडच्या एका सेमिनरीत पाद्री व्हायला शिकत होतो. तिथं अंत्यविधीचा तास असायचा. होस्टेलमधला लोड बाकावर आडवा घालायचा, वर चादर टाकायची, आणि एकेकानं पुस्तक उघडून विधी म्हणायचा. पुस्तकात मध्येच एक जागा कोरी असते. तिथं मेलेल्याचं नाव घ्यायचं. माझी पाळी आली तेव्हा मी आमच्या मेसच्या आचाऱ्याचं नाव घेतलं, कारण सांबारात पाणी घालून घालून त्यानं आम्हाला मारत आणलं होतं. सगळा वर्ग हसून लोळला. सर हसले नाहीत. म्हणाले, "बाकी सगळं विसरलास तरी चालेल. ती जागा रिकामी सोडू नकोस. माणूस तिथं असतो." मी मनात म्हटलं, काय कटकट आहे या म्हाताऱ्याची.

शिक्षण चालू असताना एक वर्ष एखाद्या पाद्र्याच्या हाताखाली काढावं लागतं. मला नांदेडचे प्रसादराव पास्टर मिळाले. माणूस सज्जन, पण शिस्तीचा. प्रवासातसुद्धा खोबरेल तेलाची बाटली बरोबर, भांग कधी मोडायचा नाही. भूकंप झाला त्या पहाटे नांदेडलाही फळीवरची भांडी वाजली. आदल्याच दिवशी गणपती बुडवले होते. भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही टेम्पोत घोंगड्या आणि बिस्किटं भरून अहमदपूरवरून लातूर आणि लातूरच्या पुढं खेड्यांकडं निघालो.

"देवदानम," रस्त्यात पास्टर म्हणाले, "तिथं बायबल पिशवीतून बाहेर काढायचं नाही. प्रार्थना नाही, कुणाच्या डोक्यावर हात ठेवणं नाही. घोंगडी द्यायची आणि तोंड बंद. नाहीतर लोक म्हणतील, मढ्याच्या टाळूवरचं लोणी खायला आले."

मला राग आला. मी काय धर्म विकायला चाललो होतो? पण "बरं" म्हणालो.

टेम्पो थांबला. मी खाली उतरलो आणि ड्रायव्हरला विचारलं, "गाव कुठंय?" त्यानं माझ्याकडं नुसतं बघितलं. आम्ही गावातच उभे होतो.

दगड आणि चिखल. बस्स. त्यातून कुठं लुगड्याचा पदर वर आलेला, कुठं पाळण्याची कडी. पाऊस चालूच. पलीकडं माळावर पडक्या घरांची सागवानी लाकडं रचून चिता पेटवल्या होत्या. चिता कसल्या, ढीगच ते. ओल्या लाकडाचा धूर जमिनीलगत सरकत यायचा आणि त्यात तो वास. त्याच उन्हाळ्यात मी "देव दुःख का देतो" यावर मोठा निबंध लिहिला होता, शाबासकीही मिळाली होती. त्यातलं एखादं वाक्य आठवतंय का बघितलं. एकही आठवलं नाही. बरं झालं नाही आठवलं, तिथं मला स्वतःचीच शिसारी आली असती.

घोंगडी घेऊन मी एका म्हातारीजवळ गेलो. ती चिखलात बसली होती आणि तिच्यासमोर मोडक्या दाराच्या फळीवर एक पोरगी निजली होती. आठेक वर्षांची. अंगावर ओरखडा नाही. मला वाटलं झोपलीय. म्हटलं, हिला बिस्किटं द्यावीत. मी वाकलो, आणि तिच्या नाकपुड्यांत माती भरलेली दिसली.

माझ्या हातातला पुडा खाली पडला. म्हातारीनं तो उचलला, पुसला आणि परत माझ्या हातात दिला.

"नात हाय माझी," ती म्हणाली. "लक्ष्मम्मा. माझ्या सासूचं नाव ठिवलं तिला."

म्हातारीचं नाव शरणम्मा. घरात ती एकटीच उरली होती. आदला सबंध दिवस आणि त्या दिवशी दुपारपर्यंत, हातानं दगड काढून काढून तिनं नात वर काढली होती. तिची नखं मी बघितली आणि लगेच दुसरीकडं बघायला लागलो.

तेवढ्यात ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत चादरींखाली प्रेतं. त्याच्यापुढं एक उंच माणूस चालत होता. पांढरा सदरा, त्यावर विसर्जनाचा गुलाल अजून तसाच, पावसानं ओघळून गुलाबी झालेला. गावातल्या शाळेचा मास्तर, ग्यानोबा गुरुजी. कुणीतरी सगळं हातात घ्यायला हवं होतं म्हणून त्यानं घेतलं होतं. त्याच दिवशी सकाळी त्यानं बायको आणि दोन्ही पोरं त्या माळावर ठेवली होती, हे मला मागून कळलं.

"चला आजी," तो म्हणाला. "द्या तिला."

शरणम्मानं फळी घट्ट धरली. "आमच्यात जाळत न्हाईत गुरुजी. तुमाला ठावं हाय. आमी लिंगायत. माझ्या लेकराला बसवून पुरायचं, हातात लिंग दिऊन."

"आजी, कोण पुरणार? मंतर म्हणणारा तुमचा अय्याबी गेला. खणायला माणसं न्हाईत. एकीला पुरलं की समदी म्हणतील आमचंबी पुरा. रोगराई सुटंल, मिल्ट्रीवाले सांगायलेत."

"जाळू नका गुरुजी. ती आगीला लई भ्यायची."

"माझी न्हवती का भीत?" तो एकदम ओरडला. "माझी पोरं न्हवती का भीत आगीला?"

ट्रॉलीवरच्या दोघांनी खाली उड्या मारल्या आणि फळीला हात घातला. तेव्हा म्हातारीनं माझ्याकडं बघितलं. माझ्या गळ्यात क्रूस होता, तो शर्टाबाहेर आला होता.

"तू किरिस्ताव का रं?"

"हाव."

"तुमच्यात पुरतेत ना?"

"पुरतात."

"मग सांग की ह्येंला!"

मी काय सांगणार? काल-परवा लोडाला पुरायला शिकलेला पोरगा मी. पण माझं डोकं फिरलं. कुणावर फिरलं ते आजही सांगता येणार नाही. गुरुजीवर नाही, त्या दोघांवर तर नाहीच. बहुतेक वर बसलेल्यावर. मी त्या दोघांचे हात फळीवरून काढले आणि म्हणालो, "मी खणतो. तुमचा एक माणूस नको मला. खोरं आणि टिकाव तेवढा द्या."

गुरुजीनं मला वरून खालपर्यंत बघितलं. "अंधार पडायच्या आत झालं तर झालं," तो म्हणाला. "न्हाई तर मी पोरगी न्हेणार."

शेताच्या बांधाजवळ मी खणायला लागलो. काळी माती, पावसानं भिजलेली, खोऱ्याला चिकटली की सुटायची नाही. तळहाताची सालटी निघाली. बसवायचं म्हणजे खड्डा खोल हवा. अर्धा खणून झाला तोवर प्रसादराव पास्टर धावत आले.

"देवदानम! काय सांगितलं होतं मी?"

"तोंड बंद ठेवा म्हणालात. बंदच आहे. खड्डा खणतोय."

पास्टरांनी फळीकडं बघितलं. चप्पल काढून खाली उतरले आणि हातानं माती वर टाकायला लागले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा भांग मोडला.

खड्डा झाला. उजेड उतरत आला होता. मी लक्ष्मम्माला उचललं. मेलेलं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा हातात घेतलं. हलकी होती, पण लाकडासारखी ताठ. खड्ड्यात बसवायला गेलो तर गुडघे वाकेनात. मी जोर लावला आणि घाबरून सोडून दिला. आता हिचं हाड मोडतंय की काय! देवा, इतकं करून हे काय? मी वर बघून म्हणालो, "आजी, बसवता येत नाही."

शरणम्मा खाली उतरली. "त्याल हाय का?" तिनं विचारलं.

पास्टरांनी पिशवीतून आपली खोबरेलाची बाटली काढून दिली. म्हातारीनं पाय पसरले, नातीला पायांवर घेतलं, तळहातावर तेल घातलं आणि गुडघे चोळायला लागली. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना चोळतात तसं. वरून खाली, खालून वर, मग वाटीवरून गोल. तोंडानं काहीतरी पुटपुटत होती, कानडी होतं, मला कळलं नाही. मी खड्ड्याच्या भिंतीला पाठ लावून उभा. रडावं म्हटलं तर तेही येईना. किती वेळ गेला कोण जाणे. एक गुडघा वाकला. मग दुसरा.

"अशीच हट्टी होती," शरणम्मा म्हणाली. "जन्मली तवाबी हातपाय आखडून धरायची."

मांडी घालून लक्ष्मम्मा बसली. पोरीच्या गळ्यातल्या डबीतलं लिंग आजीनं तिच्या डाव्या हातात दिलं, कपाळाला विभूती लावली. बेलाची पानं तिनं कुठून आणली होती देव जाणे. मग मी म्हातारीला वर ओढून घेतलं, आणि ती माझ्यापुढं उभी राहून म्हणाली, "आता बोल."

"काय बोलू? मी अजून पाद्री झालो नाही, शिकतोय."

"आमचा अय्या न्हाई. तू शिकायलास ना? शिकलास ते बोल."

"आजी, माझा देव वेगळा..."

"माझी नात शिवाकडंच जाणार हाय. ती काय तुझ्याकडं येत न्हाई. तू निसतं वाटंला लावून दे."

मी पास्टरांकडं बघितलं. ते खाली मातीकडं बघत होते. ग्यानोबा गुरुजी येऊन उभा होता, मागं ट्रॅक्टर चालूच. वाटलं, आता हा म्हणणार, आलात का बाटवायला. पण म्हातारी हटेना. मग पुस्तकाशिवाय, पाठ होतं तसं सुरू केलं. हळूच, मलाच ऐकू येईल इतकं. कोऱ्या जागी आलो. म्हणालो, "लक्ष्मम्मा." मूठभर माती घेतली. "मातीला माती, राखेला राख..."

"थांब," गुरुजी म्हणाला.

मी थांबलो. मूठ तशीच वर.

तो पुढं आला. त्याच्या मागं माळावर ढीग जळत होते. "जरा मोठ्यानं म्हण," तो म्हणाला. "तिकडं माझी हायत, त्येंलाबी ऐकू जाऊ दे. त्येंच्यासाठी कुणी काही म्हणलं न्हाई रे. येळच न्हवता."

मी म्हणालो, "नावं सांगा, गुरुजी. त्यात नाव घ्यायची जागा असते."

त्यानं आधी बायकोचं नाव सांगितलं. मग मोठ्या पोराचं, मग धाकट्याचं. मी ती घेतली, छाती फुटेस्तोवर मोठ्यानं. मला वाटलं झालं. पण त्यानं पाठ ताठ केली, हात मागं बांधले आणि तिसरीचा वर्ग सुरू केला. बापाच्या नावासकट, हजेरीच्या क्रमानं. कागद नाही, काही नाही. तो एक नाव सांगायचा, मी ते घ्यायचो. लक्ष्मम्माचं नाव आलं, तेही पुन्हा घेतलं. गुरुजीच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. आवाज शाळेत असावा तसा, खणखणीत.

"वीरण्णा बसप्पा," तो म्हणाला.

मी म्हणायला तोंड उघडलं.

"थांब थांब थांब!" त्यानं झडप घालून माझं तोंडच दाबलं. "त्येचं नगं घिऊ. त्यो हाय. तिकडं तंबूत हाय, मी बघितलाय, पेज पितोय. त्यो हाय रे."

आणि मग तो माणूस खाली चिखलात बसला आणि हंबरडा फोडून रडला. शरणम्मानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. बऱ्याच वेळानं त्यानं तोंड पुसलं आणि वीरण्णाच्या पुढचं नाव सांगितलं.