धडधाकट गुडघा

बर्फाची पिशवी गुडघ्यावरून सारखी घसरत होती. सुजलेल्या गुडघ्यावर ती कशी आपोआप बसते हे डेल्विनला अकरा वर्षं बास्केटबॉल खेळून पाठ झालं होतं. हा गुडघा मात्र सडपातळ, गुळगुळीत, निर्लज्जपणे धडधाकट — आणि त्याच्यावर ग्वेन, संघाची फिजिओ, मान वर न करता पट्टी गुंडाळत होती.

"किती वेळ ठेवू?"

"दुखायचं थांबेपर्यंत," ती सवयीनं म्हणाली आणि पट्टीचं टोक दाबून बसवत पुढे म्हणाली, "माझ्याकडे असा बघू नकोस, डेल. मला वरून सांगितलंय."

वरून म्हणजे व्हिटकर. संघाचा मॅनेजर. सकाळीच त्याने केबिनमध्ये बोलावून, पायावर पाय टाकून सांगितलं होतं, "आज तुझा गुडघा दुखतोय." विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. हंगामातला शेवटचा सामना. जिंकला तर आठव्या नंबरानं बाद फेरीत, हरला तर घरी. "आठवे येऊन काय दिवे लावणार आहोत? चार सामन्यांत गुंडाळतील आपल्याला. त्यापेक्षा हरू या. उन्हाळ्यात बाद फेरी हुकलेल्या संघांच्या चिठ्ठ्या टाकतील, पहिली निघेल त्याला नवा खेळाडू आधी निवडायला मिळतो. आपली निघाली तर कॉलेजातला तो सात फुटी पोरगा आपला. तू समंजस आहेस, डेल."

समंजस... आणि डेल्विन मान हलवून बाहेर आला होता. अकरा वर्षांत एकदाही बाद फेरी न पाहिलेला माणूस, आणि त्याने मान हलवली. व्हिटकरचा त्याला राग आला नाही, किळस आली. हरायचं तर उघड हरा, वर्षभर हरा, लोकांच्या तोंडावर हरा. पण हा संघ धड जिंकणारा नाही, धड हरणाराही नाही, आणि शेवटच्या दिवशी याला अक्कल सुचते ती माझ्या गुडघ्यात.

दुपारी तो बफेलो शहरातल्या आपल्या नेहमीच्या खानावळीत गेला. रस्त्याच्या कडेला एप्रिलातही काळवंडलेल्या बर्फाचे ढीग पडून होते. मुद्दाम लंगडावं लागलं. किती लंगडायचं? कोणता पाय आधी? दारातून टेबलापर्यंत जाईस्तोवर तो दोनदा चुकला आणि कुणाच्याही लक्षात आलं नाही. काउंटरवरच्या मर्नाबाईंनी, ज्यांच्या एप्रनवर संघाचा बिल्ला कायमचा लावलेला असे, न मागता कॉफी ओतली.

"गुडघ्याचं ऐकलं हो. सांभाळा."

"बरा होईल."

"काही घाई नाही बरं व्हायची," असं म्हणून त्यांनी डोळा मारला. "आमचे हे म्हणतात, आज हरलो तर केक आणणार."

ज्यांच्यासाठी तो खेळला — कुणासाठी खेळलास रे? — ती ही माणसं. यांना केक हवाय. वीस वर्षांच्या एका लांबलचक पोराच्या आशेवर ही आपल्याच संघाची हार ओवाळायला बसली आहेत, आणि तो पोरगा आला तरी तीन वर्षांत उबदार शहर बघून पळणार आहे, हेही त्यांना ठाऊक आहे. त्याने सँडविच अर्धं टाकलं.

डेल्विन नऊ वर्षांचा असताना अंगणात खेळताना बाप त्याच्याशी मुद्दाम हरला होता. पोराचा वाढदिवस होता म्हणून. डेल्विनला ते शेवटच्या चेंडूला कळलं, बापाच्या हाताच्या मऊपणावरून, आणि तो चेंडू कुंपणापलीकडे फेकून घरात गेला, कित्येक दिवस बापाशी बोलला नाही. बापाला वाटलं पोरगं लाडावलंय... नाही, बाबा. मला तुमची लाज वाटली होती.

संध्याकाळी तो सूट घालून बाकाच्या टोकाला बसला, हरणं बघायला. त्याच्या जागी पॅक्स्टन. ज्याला हंगामभर कोणी चेंडू द्यायला धजत नव्हतं तो पॅक्स्टन, कोपरं बाहेर काढून धावणारा, तोंड उघडं ठेवून नेम धरणारा. आणि आज हरायचंय हे या गाढवाला कोणी सांगितलंच नव्हतं. तो खेळत होता. पडत होता, उठत होता, चेंडू टोपलीत जात होता. आणि त्याच्या मागे बाकीचे चारही पेटले. वरच्या काचेआड व्हिटकर उभा राहिला होता. प्रेक्षकांना टाळ्या वाजवाव्यात की नाही तेच कळेना. थोड्या वाजायच्या, ओशाळून थांबायच्या. डेल्विनला आधी हसू आलं. मस्त. जिरवा त्यांची.

मग शेवटचे काही सेकंद उरले, गुण बरोबरीत, आणि समोरच्या खेळाडूनं पॅक्स्टनला धक्का मारला म्हणून त्याला, कुणी न अडवता टाकायचा, एक मोकळा नेम मिळाला. गेला तर बाद फेरी. परवा दुखायचं निमित्त चालणार नाही, परवा डेल्विन खेळेल, अकरा वर्षांनी. त्याला हवं होतं ते सगळं त्या घामट पोराच्या बोटांवर आलं होतं.

पॅक्स्टननं चेंडू आपटला. एकदा, पुन्हा एकदा.

चुकव.

कोण बोललं? डेल्विननं व्हिटकरच्या काचेकडे पाहिलं, मग समोरच्या गर्दीकडे, जिथे हजारो माणसं श्वास रोखून बसली होती. त्यांतलं कोणीच नव्हतं. माझ्याशिवाय नको... इतकंच होतं ते, अगदी साधं, लहान मुलाच्या हट्टासारखं, आणि त्यात ना पुढचा हंगाम होता, ना सात फुटी पोरगा. व्हिटकरकडे निदान एक कारण तरी होतं. बापाकडेही होतं.

पॅक्स्टननं हात वर केले. चेंडू अजून सुटला नव्हता, आणि डेल्विन उभा राहून, आतला तो आवाज बुडवायला, टाळ्या वाजवत होता, इतक्या जोरात की शेजारच्यानं वळून त्याच्याकडे पाहिलं.