भांगाचं पाणी

युद्धाआधी मी दक्षिण समुद्रात सुक्या खोबऱ्याची बोट चालवायचो. तालुवा बेटावर मिशनचा दवाखाना होता, तिथे व्हर्ना नर्स होती. ती आयोवाची, मी मेनचा. अमेरिकेत घरी परतायची घाई दोघांनाही नव्हती.

तालुव्याभोवती पाण्याखाली प्रवाळाचा कडा आहे. उधाणाच्या भरतीला बोट त्यावरून सहज आत जाते. भांगाच्या दिवसांत मात्र भरती जेमतेम चढते आणि बोटीचा तळ खडकाला लागतो. मी मुद्दाम भांगातच जायचो. बोट कड्याबाहेर नांगरायची आणि पाणी वाढेपर्यंत दवाखान्याच्या ओसरीवर राहायचं. व्हर्ना झगा वर खोचून पाण्यातून कड्यापर्यंत चालत यायची आणि तिथूनच ओरडायची.

"भरतीचं कोष्टक वाचता येत नाही का रे तुला?"

"येतं की."

"मग भांगात कशाला कडमडतोस?"

दोन-तीन खेपांनंतर तिच्या लक्षात आलं. मग ती ओरडेनाशी झाली. आमचं लग्न त्या ओसरीवरच लागलं.

जपानी आले तेव्हा मी बोटीच्या दुरुस्तीसाठी सिडनीत होतो. ती बेटावर. पुढे एवढंच कळलं की मिशनच्या माणसांना दवाखान्यातच कैदेत ठेवलंय. मी आपल्या सैन्यात गेलो. त्या समुद्राची माहिती म्हणून मला कॅप्टन केलं आणि न्यू गिनीच्या किनाऱ्यावर जनरल टिलमन यांच्या तंबूत बसवलं.

आमच्या युद्धाची रीत तोवर ठरून गेली होती. सगळी बेटं घ्यायची नाहीत. एक घ्यायचं, मधली सोडायची, पुढचं घ्यायचं. सोडलेल्या बेटांवरचे जपानी रसद तुटून आपोआप संपतील. कर्नल पेटिट याला बेडूकउडी म्हणायचा. तो टेक्ससचा, शेतकऱ्याचा मुलगा. एखादं बेट सोडायचं ठरलं की म्हणायचा, "वेलीवर सुकू द्या." सगळे हसायचे. मीही हसायचो, तालुव्याचं नाव निघेपर्यंत.

तालुव्यावर धावपट्टी होती. ती हाती आली तर पुढची मोहीम सोपी होणार होती. पण आरमाराची जहाजं आम्हांला एकाच आठवड्यापुरती मिळणार होती, नंतर ती दुसरीकडे जायची होती. त्या आठवड्यात उतरायचं, नाहीतर बेट सोडायचं.

दुपारची बैठक होती. तंबूत उकडत होतं. जनरल टिलमन नकाशावर ओणवे झाले होते. कमी बोलणारा माणूस. सैनिक त्यांना मागे म्हातारा म्हणत आणि समोर आले की टोपी सरळ करत.

"आपला नावाडी सांगेल," पेटिट म्हणाला. "काय नावाडी, आत जाता येतं का?"

"त्या आठवड्यात भांग आहे," मी म्हणालो.

"इंग्रजीत सांग बाबा."

"पाणी कमी असतं."

"किती कमी?" जनरलनी विचारलं. "आपल्या बोटी कड्यावरून जातील का?"

मी नकाशाकडे बघत होतो. कड्याच्या आत दवाखान्याचं छप्पर म्हणून एक लहान चौकोन काढलेला होता. नुसतं 'जातील' म्हणायचं होतं. बेट घेतलं गेलं असतं. आपण बेट घेतोच. फक्त बोटी कड्यावर अडकल्या असत्या आणि पोरांना तिथून किनाऱ्यापर्यंत मशीनगनच्या तोंडासमोर पाण्यातून चालावं लागलं असतं. व्हर्ना चालत यायची तेवढंच अंतर.

"नाही जाणार, सर," मी म्हणालो. "तळ लागेल. उतरून चालावं लागेल."

"खात्री आहे?"

"माझी बोट तिथे पुष्कळदा कड्याबाहेर अडकून राहिली आहे."

पेटिट या वेळी वेलीचं काही बोलला नाही. जनरलनी पेन्सिल खाली ठेवली. "सोडा तालुवा," ते म्हणाले. "लूमिस, तू थांब. बाकीचे जा."

सगळे गेल्यावर ते खुर्चीत बसले. मला बसायला सांगितलं नाही.

"तुझी बायको तिथे आहे. पेटिटनं सकाळी सांगितलं मला."

"मग मला कशाला विचारलंत, सर?"

"तिथलं पाणी दुसऱ्या कुणाला माहीत आहे?"

"आणि मी खोटं सांगितलं असतं तर?"



"मी उतरलो असतो," ते म्हणाले. "तुझ्या शब्दावर."

  त्यांनी नकाशा माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, "काही करता येण्यासारखं आहे?"

सोडलेल्या बेटांवर आमची विमानं बॉम्ब टाकत राहायची. मी तो चौकोन दाखवला. "यावर टाकू नका."

त्यांनी स्वतः लाल पेन्सिलीनं त्याभोवती गोल काढला.

जपाननं शरणागती पत्करल्यावर मी तालुव्याला गेलो. नौदलानं एक मोटरबोट आणि ती चालवायला हॅन्सन नावाचा खलाशी दिला होता. पोचलो तेव्हा भांगच होता. बोट कड्याबाहेर ठेवली आणि मी पाण्यातून चालत गेलो. पाणी गुडघ्यालाही लागत नव्हतं. किनाऱ्यावर जपानी सैनिक बसलेले होते. नुसती हाडं. एकानं उठायचा प्रयत्न केला, त्याला उठता आलं नाही.

दवाखान्याचं छप्पर जसंच्या तसं होतं. जनरलनी शब्द पाळला होता.

मेरिगा ओसरीवर होती. दवाखान्यात स्वयंपाक करायची ती. केस पांढरे झाले होते. मला बघून ती उठली आणि मागच्या बाजूला घेऊन गेली. कबर नीट राखलेली होती, भोवती शिंपले लावले होते.

"काय झालं होतं?"

"खायला नव्हतं. तिच्या वाटणीचं ती आजाऱ्यांना द्यायची. मी भांडायचे. ऐकते कसली."

"कधी?"

"पाऊस संपल्यावर. तोवर भांग लागला की ओसरीवर येऊन बसायची. आत चल म्हटलं तर म्हणायची, तो भांगातच येतो, तुला ठाऊक आहे की."

मी तिथेच खाली बसलो. मेरिगा माझ्या शेजारी बसली.

त्या रात्री मी ओसरीवर झोपलो, दुसऱ्याही रात्री तिथेच. काही दिवसांनी हॅन्सन कड्याबाहेरून बोट घेऊन थेट किनाऱ्याला आला.

"पाणी चढलंय, कॅप्टन," तो म्हणाला. "निघायचं ना?"

"उद्या बघू," मी म्हणालो.