दोन गाड्यांची एक गाडी

मी एक मोटार बोलतेय. 'एक' म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते. खरं बघितलं तर मी दोन आहे.

माझा पुढचा भाग नातेपुत्याच्या जोतिराम नावाच्या व्यापाऱ्याचा. तो कोंबड्यांचं खाद्य विकायचा. तोंडाने फटकळ, पण गाडी जपणारा. बाजाराच्या दिवशी त्याने मला रस्त्याकडेला लावलं आणि चहाला गेला. मागून उसाचा ट्रॅक्टर आला आणि मागचं निम्मं अंग चेपून गेला. आत कोणी नव्हतं. जोतिराम उभ्या उभ्या हळहळला आणि नवीन गाडी बघायला लागला.

माझा मागचा भाग दुसऱ्याच गाडीचा. ती मोहोळजवळ हायवेवर उभ्या ट्रकला धडकली. पुढे नवरा-बायको बसले होते, मागे त्यांची शाळकरी मुलगी झोपली होती. मुलगी वाचली. याहून जास्त मी सांगणार नाही.

अशा मोडक्या गाड्या विकत घेणारी माणसं असतात. एका शेडमध्ये आम्हा दोघींना आणलं. जिथवर पत्रा चांगला तिथवर ठेवला, बाकीचा कापून टाकला आणि चांगल्याला चांगला जोडला. वेल्डिंगवर पुट्टी भरली, पुट्टीवर रंग दिला, रंगावर पॉलिश केलं. नंबर पुढच्या भागाचा, कागदही पुढच्या भागाचे. कागदाला विचाराल तर मी एकच, एका हाती वापरलेली, कुठं न धडकलेली.

तशी मी सोलापुरात जुन्या गाड्यांच्या एका दुकानासमोर येऊन उभी राहिले. लाज वाटावी इतकी चकाकत होते.

सिद्रामप्पा मला बघायला आला तो सोमवारी. सोबत बायको, मल्लव्वा. दोघांचा कडक भाकरीचा आणि शेंगाचटणीचा धंदा. मल्लव्वा भाकरी थापायची, वाळवायची. सिद्रामप्पा डबे भरून दुकानादुकानांत पोचवायचा. पूर्वी त्याने टेम्पो चालवला होता. कमी बोलणारा, मान ताठ ठेवून चालणारा माणूस. कुणाचं उसनं नाही, कुणाला नमणं नाही.

त्याला गाडी हवी होती ती लेकीसाठी. श्रीदेवी ही त्यांची उशिरा झालेली एकुलती एक मुलगी, मंगळवेढ्याला दिलेली. तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं. व्याही ईरप्पा याने लग्नातच टोमणा मारला होता, "सिद्रामप्पा, लेकीला टेम्पोतनं पाठवताय व्हय?" तेव्हा तो काही बोलला नव्हता. आता मात्र त्याने फोन करून कळवलं होतं, "लेकीला माझ्या गाडीतनं न्यायला येतो."

सिद्रामप्पाचा नेहमीचा मेस्त्री त्या आठवड्यात गावाला गेला होता.

"मेस्त्री आल्यावर घेऊ," सिद्रामप्पा म्हणाला.

"परवा अमावस्या हाय," मल्लव्वा म्हणाली. "पोरीला सातवा सरत आला. आज सोमवार हाय, देवाचा वार. घ्यायची तर आज घ्या, न्हायतर ऱ्हाऊ द्या."

दुकानाचा मालक महेश्वर तरुण होता. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. "बर्री अप्पा, कुंड्री," म्हणत त्याने खुर्ची पुढे ओढली. कानडी ऐकून मल्लव्वाचा चेहरा सैल झाला.

"गाडीला काय झालेलं न्हाय ना?" सिद्रामप्पाने विचारलं.

"अप्पा, आपली माणसं तुमी. ही विभूती लावून खोटं बोलेन व्हय मी?"

झालं. माझ्याखाली वाकून कोणी बघितलं नाही. सगळ्यांनी कपाळाकडे बघितलं.

सिद्धेश्वराच्या देवळापुढे माझी पूजा झाली. मल्लव्वाने चाकाखाली लिंबं ठेवली, हळदकुंकू लावलं आणि बोनेटवरून असा हात फिरवला की मला दोन्ही अंगांनी मेल्यासारखं झालं. माणसाला तोंड असतं, ते खोटं बोलतं. मला तोंड नव्हतं. मी गप्प राहून खोटं बोलत होते.

मी डावीकडे ओढत होते, ते सिद्रामप्पाच्या हाताला पहिल्याच दिवशी कळलं. मागचं दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नव्हतं. डाव्या बाजूचा टायर झिजायला लागला. तो दुकानात गेला. महेश्वरने मला चाकांची दिशा लावणाऱ्याकडे पाठवलं. मी आठवडाभर सरळ चालले आणि पुन्हा ओढायला लागले. तो पुन्हा गेला.

"अप्पा, टेम्पोची सवय हाय तुमच्या हाताला," महेश्वर हसून म्हणाला. "गाडी नाजूक. तिला जरा प्रेमानं धरा की."

दुकानातली माणसं हसली. सिद्रामप्पा हसला नाही आणि भांडलाही नाही. आपल्याला गाडी कळत नाही असं कोणी म्हटलेलं त्याला झोंबलं होतं, पण झोंबलंय हे दाखवणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

मग आम्ही दिवस ठरवायला मंगळवेढ्याला गेलो. श्रीदेवी दारात आली, कमरेवर हात ठेवून सावकाश माझ्याभोवती फिरली.

"अप्पा, मागं एक मऊ उशी ठेवा की. लई दुखतंय बसून."

"ठेवतो," तो म्हणाला.

ईरप्पाही बाहेर आला. टायरला पायाने ठोकून बघत म्हणाला, "जुनी दिसती."

"जुनी हाय. उसनी न्हाय."

ईरप्पा मोठ्याने हसला. येत्या गुरुवारी न्यायला यायचं ठरलं. निघताना त्याने ज्वारीचं पोतं मागे टाकलं. "आमच्या रानातली हाय. भाकरी करून बघा, मग सांगा."

घरी पोचेपर्यंत पोत्याची शिवण उसवली होती. ज्वारी मागच्या सीटच्या पायाशी सगळीकडे सांडली. दाणा वाया घालवणारं ते घर नव्हतं. सिद्रामप्पाने झाडणी घेतली, मागची मॅट उचलली आणि तसाच ओणवा थांबला.

खाली पत्र्यावर ज्वारीच्या दाण्यांची एक ओळ होती. सरळ, एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत, कुणी बोटाने मांडावी तशी. तिथे पत्र्याला बारीक चर होता आणि दाणे त्यात अडकले होते.

त्याने नख लावलं. पुट्टीचा पोपडा निघाला. खाली वेल्डिंगचे ओबडधोबड डाग. त्याने दाराच्या पट्टीचं रबर ओढलं. तिथेही तेच. मग तो मागच्या सीटवर बसला, जिथे उशी ठेवायची होती तिथे, आणि दोन्ही तळवे खाली पत्र्यावर टेकवले. गाडी हायवेवर कशी फुटेल, कुठून फुटेल, ते टेम्पो चालवलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

"काय झालं?" मल्लव्वाने दारातून विचारलं.

"काय न्हाय. ज्वारी सांडली."

दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेला. महेश्वरला हाताला धरून बाहेर आणलं, मॅट उचलली आणि म्हणाला, "बघ."

महेश्वरने बघितलं. आश्चर्य वाटल्याचं दाखवलं, पण उशिरा दाखवलं.

"अप्पा, आमी पण विकतच घेतली. आमाला काय ठाऊक?"

"परत घे."

"असं कसं? पूजा करून नेली की तुमी. दिलेली लेक आन् विकलेली गाडी कुणी परत घेतंय व्हय?"

सिद्रामप्पा एक पाऊल पुढे सरकला. "लेकीचं नाव घेऊ नको. लेक परत येती. तिला बापाचं दार उघडंच असतंय."

महेश्वर त्याला आत नेऊन हळू आवाजात बोलला. दुकानाची काच उघडी होती, मला सगळं ऐकू आलं. ती पांढरी गाडी घ्या. एका डॉक्टरांची आहे, कुठं ओरखडा नाही. वर एक पैसा देऊ नका. फक्त तक्रार नाही असं लिहून द्या. गुरुवारी लेकीला आणायचंय ना? उद्या घेऊन जा.

पांढरी गाडी माझ्या शेजारीच उभी होती. चांगल्या घरची होती, बघताच कळत होतं.

सिद्रामप्पाने बाहेर येऊन तिच्याखाली वाकून बघितलं. दारं उघडून बघितली. मग आत जाऊन माझ्याकडे बोट करत विचारलं, "आन् हिचं काय करनार?"

"ते आमचं आमी बघू की."

"काय करनार?"

"जाईल कर्नाटकात. गिऱ्हाईक मिळतंय, अप्पा. तुमाला काय करायचंय?"

सिद्रामप्पासमोर टेबलावर पांढऱ्या गाडीची किल्ली होती. त्याने माझी उचलली.

"तितं बी कुणाची तरी लेक बसंल," तो म्हणाला आणि मला घेऊन निघाला. घरापर्यंत त्याने मला इतकं सावकाश चालवलं की मागचे रिक्षावाले शिव्या देत होते.

ऐकल्यावर मल्लव्वाने कपाळाला हात लावला. "दुसरी गाडी देत होता की तो! जगाची काळजी तुमाला कुनी दिली?"

"बघितल्यावर न्हाय बघितलं, असं करता येईना."

"आन् व्याह्याला काय सांगनार?"

सिद्रामप्पाने बाहेर येऊन माझ्यावर ताडपत्री घातली. शेजारच्या सोमलिंगने आईला दवाखान्यात न्यायला किल्ली मागितली, तर हा नुसता 'न्हाय' म्हणाला. सोमलिंग वाड्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गाडी आली, मानुसकी गेली." खरं सांगितलं असतं तर लोक हळहळले असते. पण 'मी फसलो' हे दोन शब्द त्याच्या घशातून वर येत नव्हते. चिकट म्हणवून घेणं त्याला परवडत होतं.

बुधवारी संध्याकाळी मात्र त्याने ईरप्पाला फोन लावला. माझ्याच बोनेटला टेकून उभा होता.

"उद्या गाडी आणत न्हाय. भाड्याची जीप करून येतो."

"का हो? तुमची कुटं गेली?" ईरप्पाच्या आवाजात हसू होतं.

सिद्रामप्पा म्हणाला, "मी फसलो. दोन गाड्या जोडून एक केलेली हाय. मला कळलं न्हाय."

हसू गेलं. ईरप्पा म्हणाला, "म्हंजे माझ्या सुनेला असल्या गाडीत घालून नेनार होता? त्या रस्त्यानं?"

"कळलं तवाच थांबलो."

"न्हाय कळलं असतं तर? ऱ्हाऊ द्या आता. जीपबी नको. बाळंतपण हितंच होईल. तुमाला भेटायचं तर या."

"ऐका तरी..."

फोन बंद झाला होता.

मल्लव्वा रडली नाही. डिंकाचे लाडू, बाळंतविडा, मऊ धुतलेल्या जुन्या साड्यांची लंगोटं, सगळं तिने कापडात बांधलं आणि सकाळी एकटीच यष्टीने मंगळवेढ्याला गेली. नवरा गाठोडं उचलायला पुढे झाला, तर तिने ते दुसऱ्या हातात घेतलं.

सिद्रामप्पाने एक वकील गाठून महेश्वरवर तक्रार केली होती. वकिलाने सांगितलं होतं की गाडी पुरावा म्हणून ठेवा. मोडली तर केस पांगळी होईल. पण सिद्रामप्पाला दारात उभ्या गाडीचा भरवसा नव्हता. आज सोमलिंगने किल्ली मागितली, उद्या आपण घरी नसताना मल्लव्वा कुणाला तरी देईल. परवा आपण मेलो तर कुणीतरी विकून टाकील. "होऊ दे पांगळी," तो वकिलाला म्हणाला. "मानूस पांगळं व्हायला नको." फोटो काढून दिले आणि मला भंगारवाल्याकडे आणलं.

आता मी तिथेच आहे. माझी काच काढली आहे, चाकं काढली आहेत. गुंडा नावाचा कारागीर गॅसची नळी लावतोय. तो म्हणाला, "अप्पा, हितं आधीच जोड हाय. हितनं पटकन सुटंल."

"जोडावर न्हाय," सिद्रामप्पा म्हणाला. "उभी काप. नाकापासनं शेपटीपर्यंत. कुणी पुन्हा जोडायला नको."

तो सावलीत बसला नाही. उन्हात माझ्यासमोर उभा आहे, कापून होईपर्यंत उभा राहणार आहे. मध्येच खिशातला फोन काढून बघतो. मंगळवेढ्याहून काही आलेलं नसतं, तो परत ठेवतो.

जुनी गाडी घेणाऱ्यांनो, विकणाऱ्याच्या कपाळाकडे बघू नका. खाली वाका. आमच्या पोटात काय आहे ते आम्हाला सांगता येत नाही, पण लपवताही येत नाही. आणि विकणाऱ्यांनो, तुम्हाला मी काय सांगू? तुम्हाला तर ठाऊकच असतं.

ठिणगी पडली. बोनेट तापायला लागलं आहे. माझ्यात पुष्कळ माणसं बसली. काही उतरली, काही उतरली नाहीत. श्रीदेवीसाठी मला घेतलं होतं. ती माझ्यात एकदाही बसली नाही. दोन गाड्यांच्या आयुष्यात मिळून माझ्याकडून एवढंच बरं झालं, आणि तेही मी केलेलं नाही, या उन्हात उभ्या माणसाने केलं.